साप्ताहिक काढा, पण वेब मशीन घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ठाण्यात वागळे इस्टेटला वडिलांचा छोटा ऑफसेट प्रेस आहे, दोन रंगी शीटफेड मशीन (सुटे कागद घेऊन छापणारं) आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकांचं काम आटत चाललंय, म्हणून घोडबंदर रोडच्या सोसायट्यांसाठी ५,००० अंकांचं साप्ताहिक काढायचं, वर्षभरात त्याचं दैनिक करायचं, आणि नवी मुंबईत तुर्भ्याला कुणीतरी जुनं वेब मशीन, म्हणजे कागदाच्या अखंड रिळावर पेपर छापणारं, विकतंय ते घ्यायचं का. मी शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावायच्या शेवटच्या काळापासून या धंद्यात आहे, पेपरही छापलेत आणि कमर्शियल कामंही केलीत, त्यावरून सांगतो. साप्ताहिक जरूर काढा. दैनिकाचं नाव आत्ता काढू नका. आणि मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका.

आधी मशीनचंच बोलू कारण पैसे तिथेच अडकणारेत. आपल्याकडचं साधं देशी बनावटीचं वेब मशीनसुद्धा तासाला तीस-पस्तीस हजार अंक काढतं. तुमचे ५,००० अंक म्हणजे धड दहा मिनिटांचं काम, तेही आठवड्यातून एकदा. उरलेले सहा दिवस ते मशीन जागा अडवून बसणार, विजेचा मंजूर लोड घेतलाय म्हणून महावितरणचा डिमांड चार्ज दर महिन्याला येणार, रोलरचं रबर न चालवताच कडक होणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेबवरचा चांगला मशीनमन आठवड्यातून एका रात्रीसाठी तुमच्याकडे टिकणार नाही. शीटफेड चालवणारा माणूस वेब चालवू शकेल असं वडील म्हणत असतील तर त्यांना एकदा रात्री एखाद्या प्रेसला घेऊन जा, ते स्वतःच नको म्हणतील. बाहेरची कामं घेऊन मशीन भरू असंही तुम्ही लिहिलंय, पण ती कामं आणणार कुठून? महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात मोठ्या पेपरांचे प्रेस आहेत, लोकसत्ता-इंडियन एक्सप्रेसचा प्रेससुद्धा महापेलाच आहे, आणि या पट्ट्यात जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांची छपाई, करणारेही बरेच आहेत, त्यांची मशीनं दिवसा रिकामीच असतात. रेटमध्ये त्यांच्याशी तुम्ही लढू शकत नाही, मग त्यांच्याकडूनच छापून घ्यायला लाज कसली.

वेबवर काय होतं ते बघितलं नसेल तर सांगतो. मशीन सुरू झालं की पहिले शे-दोनशे अंक नुसते धुरकट येतात, शाई-पाण्याचं गणित बसलेलं नसतं, निळा एकीकडे लाल दुसरीकडे, फोटोतल्या माणसाला दोन-दोन ओठ. मशीनमन फोल्डरखालून, म्हणजे अंकाची घडी होऊन पडते तिथून, अंक ओढतो, पानाच्या कडेच्या रजिस्ट्रेशन खुणांवर (रंग एकमेकांवर बसलेत का ते दाखवणाऱ्या) भिंग लावतो, शाई सोडणाऱ्या इंक की कमी-जास्त करतो, परत ओढतो. चांगला असेल तर चार-पाचशे अंकांत रंग जागेवर येतो, तोपर्यंतचा सगळा माल रद्दी. आता पन्नास हजार छापणाऱ्याला पाचशे अंक म्हणजे एक टक्का, तुम्हाला मात्र दहा टक्के. छोट्या पेपराचं नुकसान इथूनच सुरू होतं आणि त्यावर फारसा इलाज नाही, फक्त पीडीएफ नीट देऊन ते थोडं कमी करता येतं. म्हणजे बारीक अक्षर फक्त काळ्या प्लेटवर (प्रत्येक रंगाचा छपाईचा पत्रा वेगळा असतो) ठेवा. कोरल ड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, काम केलेली जाहिरात तशीच उचलली की काळं अक्षर चारही रंगांत फुटतं आणि रजिस्ट्रेशन केसभर हललं तरी वाचता येत नाही. फोटो न्यूजप्रिंटवर स्क्रीनपेक्षा खूप काळवंडतात, कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो, म्हणून चेहरे मुद्दाम उजळ करून द्यायचे आणि चारही रंग मिळून शाईची बेरीज २४० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या जाहिरातीत नगरसेवक काळा आला तर बिल विसरा.

आता हिशोब. १६ पानी टॅब्लॉइड (अर्ध्या आकाराचा पेपर) म्हणजे ब्रॉडशीटची, नेहमीच्या मोठ्या पेपराची, ८ पानं. ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) न्यूजप्रिंट धरला तर अंकाचं वजन साधारण ३४ ग्रॅम भरतं. ५,००० अंकांना १७० किलो, वेस्टेज धरून १८५-१९०. कागदाचा भाव रोज हलतो, पण हिशोबापुरता ६० रुपये किलो धरा, म्हणजे कागदाचेच अकरा हजारांवर गेले. सगळी पानं रंगीत ठेवली तर ब्रॉडशीटच्या पानाला चार अशा ३२ प्लेट, जोडप्लेट (दोन पानांची एकच) वापरणारा प्रेस असेल तर १६, त्याचे पाचेक हजार. छपाई, शाई, गठ्ठे बांधणी, टेम्पो मिळून आणखी पाच. अंक चार रुपयांच्या पुढे गेला आणि यात अजून पत्रकार, डीटीपी, ऑफिस काहीच धरलेलं नाही. अंकाची किंमत ३ रुपये ठेवलीत तर विक्रेत्याचं कमिशन जाऊन हातात दोन उरतात, तेही सगळे अंक खपले आणि पैसे वेळेवर आले तर. म्हणजे जितका खप जास्त तितका तोटा जास्त, आणि हे सगळ्याच पेपरांचं आहे, फक्त मोठ्यांचा खड्डा जाहिरात भरून काढते. त्यामुळे रंगीत पानं आधी चारच ठेवा, बाकी काळी-पांढरी, वाचकाला आतल्या पानावर पाण्याची बातमी हवी असते, रंग नको असतो.

कागदाबद्दल एक सांगून ठेवतो. चांगला न्यूजप्रिंट बराचसा बाहेरून येतो, त्यामुळे डॉलर, जहाजाचं भाडं, युद्ध, सरकारची ड्युटी सगळं तुमच्या अंकात येऊन बसतं. २०१९ च्या बजेटात त्यावर १० टक्के ड्युटी लावली होती, पुढच्या वर्षी ५ वर आणली. युक्रेन युद्धानंतर भाव असे चढले की कित्येक छोट्यांनी पानं तरी कमी केली नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळला. तुम्ही कागद स्वतः साठवायच्या भानगडीत पडू नका, प्रेसच्या कागदासकट रेट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालेल. पावसाळ्यात ओल धरलेलं रीळ मशीनवर तुटतं आणि मग मशीनवाला आणि कागदवाला एकमेकांकडे बोट दाखवतात, मधे तुम्ही.

वाटपाकडे नवीन माणूस सगळ्यात कमी लक्ष देतो. पेपर छापून होणं ही अर्धीच गोष्ट आहे, पहाटे स्टेशनबाहेर विक्रेत्यांचं वाटप उरकायच्या आत गठ्ठा तिथे पडला पाहिजे. उशीर झाला तर विक्रेता थांबत नाही, त्याची पोरं सायकली घेऊन निघून गेलेली असतात आणि तुमचा अख्खा अंक रद्दी. नवी मुंबईत छापून ठाण्यात आणायचं म्हणजे ठाणे-बेलापूर रोडने दिघा-विटावा-कळवा करत यायचं नाहीतर ऐरोली पुलावरून मुलुंडला निघून. जोराचा पाऊस झाला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं हे ठाणेकरांना सांगायला नको, त्या रात्री टेम्पोवाल्याला आधीच ऐरोलीने यायला सांगायचं. तिथला टोलही ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना माफ आहे. आणि घोडबंदरला तर पुढे आणखी मजा, कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत रस्त्याची काय अवस्था असते ते तुम्ही रोज बघताच.

म्हणून साप्ताहिकाचा फायदा असा की तुम्हाला रोजची शर्यत नाही. शुक्रवारी दुपारी छापा, संध्याकाळी गठ्ठे विक्रेत्यांच्या घरी पोचवा, शनिवारी सकाळी ते मोठ्या पेपरात घालून टाकतील. जाहिरातीचं पत्रक आत घालायला विक्रेता जसा नगावर पैसे घेतो तसेच याचे ठरवा. अंक विकण्याच्या फंदात पडूच नका, निदान पहिलं वर्ष. टॉवरमध्ये विक्रेत्याच्या पोराला आत सोडतात, तुमच्या पोराला गेटवर अ‍ॅपमध्ये एंट्री करा म्हणतात आणि वॉचमन गठ्ठा केबिनमध्ये ठेवून घेतो, तो तिथेच पिवळा पडतो. घोडबंदरला कुठल्या कॉम्प्लेक्समध्ये कोणाची लाईन, म्हणजे घरोघर वाटपाची फेरी, आहे ते एकदा फिरून लिहून काढा, वसंत विहारवाला वेगळा, मानपाड्याचा वेगळा, आनंदनगर-कासारवडवलीचा वेगळा. या माणसांशी संबंध नीट ठेवा, दिवाळीला मिठाई विसरू नका. एप्रिल २०२० मध्ये घरपोच पेपरवर बंदी आली आणि मुंबई-ठाणे पट्ट्यात ती जूनपर्यंत राहिली, तेव्हा ज्यांची लाईन तुटली त्यांच्यातल्या कित्येकांची नंतर परत लागलीच नाही. वाचकाला पेपरशिवाय सकाळ काढता येते हे त्या दिवसांत कळलं, ते दुखणं अजून भरलेलं नाही.

पैसे येणार कुठून? वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सणाचे विशेषांक हे सगळे करतात, त्याचं उत्पन्न दिसायला मोठं आणि वसुलीला भयंकर. कार्यकर्ता जाहिरात सांगतो, साहेबांना माहीत नसतं, बिल घेऊन गेलं की ऑफिसातून सांगतात त्यालाच विचारा. नियम एकच ठेवा, आगाऊ पैसे नाहीत तर जाहिरात नाही, आणि कोणी दुखावलं तर दुखावू दे. तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे क्लासेस, दवाखाने, पोळीभाजी केंद्रं, इंटिरियरवाले, ज्याला पाच किलोमीटरच्या आतलाच माणूस हवाय आणि मोठ्या पेपरची ठाणे पुरवणी परवडत नाही. आणि त्याच्या जोडीला जाहीर नोटिसा.

नोटिसांबद्दल जरा सविस्तर, कारण मराठी छोट्या पेपरांचा श्वास त्यावर चालतो. सोसायटीत सभासद वारला आणि नॉमिनेशन नसेल तर वारसांचे दावे मागवायला उपविधीप्रमाणे स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते. फ्लॅटचा मूळ करारनामा हरवला, टायटल सर्च (मालकीची तपासणी) करायचाय, वकील नोटीस देतात. घोडबंदरला हजारो फ्लॅट हात बदलतात, हे काम कधी संपणारं नाही. बँकेने कर्ज थकलेल्या फ्लॅटचा ताबा घेतला की सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याच्या नियमाप्रमाणे सात दिवसांच्या आत दोन आघाडीच्या पेपरांत ताबा नोटीस लागते, त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला आणि त्या भागात पुरेसा खप असलेला. सात दिवसांच्या या घाईमुळे बँका साप्ताहिकाकडे वळत नाहीत, दैनिक बघतात. तुमच्या डोक्यात वर्षात दैनिक करायचं जे आलंय ते बहुतेक याच्यामुळेच कोणीतरी घातलंय. खरं ना?

त्यात एक घाणेरडी गोष्ट आहे, ती बोलायलाच हवी. फक्त नोटिसांसाठी निघणारी दैनिकं आहेत, शे-दोनशे अंक छापतात, बँकेला, वकिलाला आणि फाईलला कॉपी जाते, बाजारात अंक दिसत नाही. याला आमच्याकडे फाईल कॉपी म्हणतात. कागदोपत्री खप मात्र हजारोंचा. ज्याच्या घराचा ताबा घेतलाय त्याच्या शेजाऱ्यालाही ती नोटीस दिसत नाही, मग नियमाला अर्थ काय राहिला. वर आता उत्पन्नाची ही बाजूही बारीक होतेय. शेअर बाजारातल्या लिस्टेड कंपन्यांच्या तिमाही निकालाच्या भल्यामोठ्या जाहिराती मराठीतही द्याव्या लागायच्या, डिसेंबर २०२४ च्या सेबीच्या बदलानंतर क्यूआर कोड आणि लिंक दिलेली छोटी जाहिरात चालते. जाहिरातीच्या चौरस सेंटिमीटरवर जगणाऱ्याला हा मोठा दणका आहे. त्यामुळे नोटिसांच्या जोरावर दैनिक काढणं मला आता अजिबात शहाणपणाचं वाटत नाही. सोसायटी आणि वकिलांच्या नोटिसा साप्ताहिकालाही मिळतात, तेवढ्या घ्या, आणि त्यांना अंक खरोखर वाटलेला दाखवा, ती तुमची मोठी ताकद ठरेल.

नोटीस छापताना मजकुराची काळजी मात्र डोळ्यात तेल घालून. वकील व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये पाठवतात, तुमचा ऑपरेटर श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये) बसलेला असणार, कन्व्हर्ट करताना नेमकी जोडाक्षरं फुटतात, र्‍या आणि ऱ्हा तर हमखास, आणि आकड्यांचं काय होईल सांगता येत नाही. फ्लॅट क्रमांक ६०३ चा ३०६ झाला की नोटीस फुकट परत छापा, शिवाय वकील कायमचा गेला. प्रूफ वकिलाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर ओके घेतल्याशिवाय पान सोडायचं नाही. नव्याने सुरू करताय तर सरळ युनिकोडमध्ये इनडिझाईनवर करा, श्रीलिपीचा जुना मोह सोडा, पुढे ई-पेपर आणि वेबसाईटलाही तोच मजकूर चालतो.

नोंदणीबद्दल तुम्हाला कोणीतरी जुनी माहिती दिलीय. १८६७ चा कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवीन कायदा लागू झालाय, पेपरांची नोंदणी करणाऱ्या आरएनआयचं नाव आता प्रेस रजिस्ट्रार जनरल. प्रांताकडे जाऊन डिक्लेरेशनच्या चकरा मारायच्या नाहीत, प्रेस सेवा पोर्टलवर शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज एकत्रच होतो, जिल्हा प्रशासनाला अभिप्राय द्यायला ६० दिवस असतात. शीर्षकाला पर्याय भरपूर तयार ठेवा, ठाणे शब्द असलेली बरीच नावं आधीच गेलेली असणार. इथे अरुणोदय १८६६ ला निघाला होता, ठाणे वैभव अजून चालू आहे, आपण काही पहिले नाही. नोंदणी हातात येईपर्यंत डमी म्हणूनसुद्धा अंक बाजारात टाकू नका, नवीन कायद्यात त्याचा दंड लाखांत आहे. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचा पत्ता असलेली इम्प्रिंट लाईन प्रत्येक अंकात बरोबर हवी, प्रेस बदलला की तीही बदलायची आणि पोर्टलवर कळवायचं, लोक हेच विसरतात. सरकारी जाहिरातीची यादी, मग ती राज्याची असो वा केंद्राची, पहिल्या वर्षी डोक्यातून काढून टाका, नियमित अंक काढल्याचा इतिहास लागतो.

जीएसटीसाठी सीएला विचारा पण एवढं लक्षात ठेवा. पेपरच्या विक्रीवर शून्य, छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के, आणि प्रेसची कमर्शियल कामं वेगळ्या दराने. सगळं एकाच फर्ममध्ये कोंबलंत तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवण्याच्या हिशोबात सीए तुमच्यावरच चिडेल. साप्ताहिकाची फर्म वेगळी ठेवा.

आता वडिलांच्या प्रेसबद्दल, जे तुम्ही विचारलंच नाही आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन रंगी शीटफेड विकून वेबचं डाऊनपेमेंट करायचं असा विचार दिसतोय. करू नका. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची, तिथले कारखाने चलन, व्हाऊचर, जॉबकार्डावर प्रेस जगवायचे. कारखाने गेले, ऑफिसं आली, बिलं कॉम्प्युटरवर गेली, पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, हे खरं आहे. पण छपाई संपली नाही, सरकली. सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये अहवालांची झुंबड असते, बऱ्याच सोसायट्या अजून छापतात. शाळांच्या डायऱ्या मे-जूनमध्ये. ऑक्टोबरपासून कॅलेंडरं. औषधाच्या डब्यातली ती घडी घातलेली पातळ पत्रकं, ठाणे-बेलापूर पट्ट्यात फार्मावाले कमी नाहीत, पण त्यांना घडीचं मशीन आणि मोजणीची शिस्त लागते. मशीनमध्ये पैसे घालायचेच असतील तर चांगलं फोल्डिंग मशीन घ्या किंवा छोटं डिजिटल, शंभर-दोनशे प्रतींच्या कामाला आज तेच लागतं. आणि निवडणुकीचं काम घेताना पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर हात लावू नका, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, प्रकाशकाचं दोन साक्षीदारांसह घोषणापत्र आधी घ्यायचं, मग प्लेट. उमेदवाराचा माणूस रात्री अकराला येऊन उद्या सकाळी द्या म्हणतो तेव्हा हे सगळं विसरायला होतं.

साप्ताहिकासाठी प्रेस ठरवताना लेखी घ्यायच्या गोष्टी अशा. तुमचा शुक्रवारचा स्लॉट कुठल्या वेळेचा, आणि त्यांच्या नेहमीच्या पेपरची जादा पुरवणी आली तर तुमचं मागे ढकलणार का. वेस्टेज किती टक्के धरणार, कारण बिल मोजलेल्या चांगल्या अंकांचं हवं, मशीनने फिरवलेल्या नाही. पीडीएफ किती वाजेपर्यंत द्यायची आणि प्लेट निघाल्यावर पान बदललं तर नवीन प्लेटचे किती. गठ्ठे पन्नासाचे बांधून, विक्रेत्याच्या नावाची चिठ्ठी लावून देणार का, ते काम आपल्या माणसाने उभं राहून करण्यापेक्षा खूप बरं पडतं. पहिल्या चार अंकांना तुम्ही स्वतः मशीनपाशी उभे राहा, रंग जागेवर आल्याशिवाय मोजणी सुरू करू देऊ नका. दोन-तीन प्रेसचे रेट आणले की इथे टाका, कुठला आकडा फुगवलाय ते सांगतो.